नायिकेचे वय वीस वर्षांनी कमी करावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

सांगली जिल्ह्यातील एका पन्नाशीच्या वाचक-लेखिकेचे हे पत्र आहे. पतसंस्थेतील नोकरी सांभाळून त्यांनी आपली पहिली प्रेमकादंबरी पूर्ण केली आहे. कादंबरीची नायिका 47 वर्षांची आहे. तिच्या पतीच्या निधनाला नऊ वर्षे झाली आहेत, ती तासगावातील एका बेदाणा व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहते आणि घरी 23 वर्षांच्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. नायक 52 वर्षांचा, अविवाहित, द्राक्षबागायतदारांना छाटणी-फवारणीचा सल्ला देणारा आहे. हस्तलिखित वाचून एका प्रकाशकांनी ‘या वयातले प्रेम कोण वाचणार, नायिका 27 वर्षांची करा’ असे कळवले. मोबाईलवरील एका कथा-अ‍ॅपवर काही भाग दिले, तेथेही प्रतिसाद थंड होता. तेथील संपादकांनी तर उपकथानकातील भाचीची, म्हणजे बारावीत शिकणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीची आणि तिच्या क्लासच्या 29 वर्षांच्या सरांची गोष्टच मुख्य करावी असे सुचवले. लेखिकेने नायिकेचे वय कमी करून आणि मुलीच्या जागी धाकटी बहीण आणून पाहिली, पण ‘कादंबरी जागेवर बसत नाही’ असे त्या लिहितात. त्यांचा प्रश्न असा : वय बदलावे, की कादंबरी बासनात गुंडाळून ठेवावी? आणि जुन्या काळच्या गोष्टींत चौदा-पंधरा वर्षांच्या नायिका चालत होत्या, तर सतरा वर्षांची का चालू नये?

उत्तर :

आपले पत्र आणि सोबत जोडलेली पहिली तीन प्रकरणे मी सावकाश वाचली. नायिकेचे वय बदलू नये, याच बाजूला मी शेवटी झुकणार आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र त्यापूर्वी हा सगळा प्रश्न ज्या गृहीतावर उभा आहे ते तपासायला हवे. मिळालेल्या सर्व अभिप्रायांचा अर्थ आपण ‘वाचकांना सत्तेचाळीस वर्षांची नायिका नको आहे’ असा घेतला आहे. प्रकाशकांनी तसे स्पष्ट म्हटले, हे खरे; परंतु अ‍ॅपवरील वाचकांनी तसे म्हटल्याचे आपल्या पत्रात कोठेही दिसत नाही. आपण उतरवून पाठवलेल्या अभिप्रायांपैकी एकात ‘ही बाई नक्की कशी आहे ते कळेना’ असे आहे आणि दुसऱ्यात ‘एवढी मोठी बाई असे का वागते’ असे आहे. या तक्रारींचा रोख मला वयाकडे नव्हे, तर वय आणि वागणे यांच्यातील विसंगतीकडे दिसतो, आणि ती विसंगती आपल्या पहिल्या प्रकरणात खरोखरच आहे.

दुसऱ्याच पानावर आपण लिहिले आहे की नायिका सत्तेचाळीस वर्षांची असली तरी ‘जेमतेम तिशीची वाटे’. पुढे नायक पेढीवर येताच तिच्या हातून खातेवही खाली पडते, ती लाजून आतल्या खोलीत पळते आणि रात्री गच्चीवर उभी राहून चांदण्यांशी बोलते. याच बाईने, याच प्रकरणात, सौद्यातील तूट चुकीची लावणाऱ्या अडत्याला चार माणसांदेखत असे खडसावले आहे की त्याने मुकाट्याने पट्टी दुरुस्त करून दिली. ही खडसावणारी बाई मला ताबडतोब पटली. वही पाडणारी बाई मात्र दुसऱ्याच कोणत्या तरी कादंबरीतून येथे आलेली दिसते. नऊ वर्षे एकटीने घर चालवलेल्या स्त्रीला एखादा पुरुष आवडू लागला, तर ती गडबडणारच नाही असे माझे म्हणणे नाही. पण तिची गडबड वेगळी असेल. कदाचित ती त्या दिवशी त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त कोरडेपणाने बोलेल, त्याच्या बिलातील रक्कम विनाकारण दोनदा तपासेल, किंवा घरी गेल्यावर मुलीने ‘आज उशीर झाला का’ असे साधेच विचारले तरी तिला उगाच राग येईल. नायिकेला तारुण्यातील संकोच उसना देऊन आपण तिचे वय स्वतःच आधी नाकारले आहे, आणि प्रकाशकांनी तेच पुढे नेले, असे म्हटले तर आपण रागावू नये.

येथे आणखी एक गोष्ट खटकली, तीही सांगते. नायकाच्या कानशिलावरचे पांढरे केस आपण मोठ्या कौतुकाने वर्णिले आहेत. बावन्न वर्षांचा तो बावन्न वर्षांचाच दिसतो आणि त्यात त्याचे आकर्षण आहे. नायिकेला मात्र आवडण्याजोगी होण्यासाठी सतरा वर्षे पुसावी लागली आहेत. आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि पडद्यावर ही दुटप्पी मोजपट्टी इतकी सर्रास वापरली जाते की लिहिणाऱ्या बाईच्या हातूनही ती नकळत वापरली जाते. ‘तिशीची वाटे’ हे वाक्य काढून टाका. त्या जागी तिचा चष्मा, तिचे पाठीत भरलेले उसण, ऋतुनिवृत्तीच्या उंबरठ्यावरची तिची अर्धवट झोप यांपैकी जे कथेला हवे असेल ते येऊ द्या. साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात येणारा हा बदल आपल्या प्रेमकथांमध्ये जवळजवळ नसतोच, आणि आला तर विनोद म्हणून येतो. आपण तो विनोदाशिवाय लिहू शकाल, असे आपली शैली पाहून वाटते.

आता वाचकांच्या अपेक्षेविषयी. प्रेमकादंबरी हातात घेणारा वाचक मुख्यतः दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, प्रेमाची गोष्ट हीच कादंबरीचा कणा असेल. दुसरी, शेवट आश्वासक असेल, म्हणजे एवढे सगळे सोसून झाल्यावर त्या दोघांना एकमेकांचा आधार मिळेल. या दोन्हींत नायिकेच्या वयाची अट नाही. इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांच्या बाजारात तर चाळिशी-पन्नाशीच्या नायिकांचा स्वतंत्र उपप्रकार रुळला आहे, आणि अठरा ते पंचविशीच्या नायक-नायिकांसाठी वेगळा प्रकार 2009 नंतर नाव घेऊन उभा राहिला. आपल्याकडे असे कप्पे पडलेले नाहीत. त्यामुळे ‘प्रेमकादंबरी’ एवढाच शब्द वाचून वाचक आपापल्या मनातली नायिका घेऊन येतो आणि ती सहसा विशीतली असते. लेखकाने त्याला पहिल्याच पानावर सांगायला हवे की येथे कोण भेटणार आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलारला, पुस्तकांच्या गावात, 2017 पासून घरोघरी साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडलेली आहेत. बालसाहित्याच्या घरात शिरलेला माणूस आणि कादंबऱ्यांच्या घरात शिरलेला माणूस वेगवेगळी तयारी करूनच आत जातो. आपल्या पुस्तकापुरते ते घर आपल्यालाच बांधावे लागेल, आणि त्यासाठी काय करता येईल ते पुढे लिहिते.

वय बदलल्यावर कादंबरी जागेवर का बसत नाही, याचे उत्तर आपल्या कथानकातच आहे. प्रेमकथेत दोन माणसे पहिल्याच प्रकरणात एकमेकांना आवडली तरी पुढची दोनशे पाने भरतात, कारण मध्ये काहीतरी आडवे येते, आणि काय आडवे येते ते बहुतांशी वय ठरवते. सत्ताविशीत आईवडील, जात, नोकरी, स्पर्धा परीक्षा, पुण्याला जायचे की गावी राहायचे, असे अडथळे असतात. आपल्या नायिकेसमोर मुलीचे स्थळ आहे. ‘आईनेच दुसरा घरोबा केला’ असे पाहुण्यांच्या कानावर गेले तर मुलीचे जमलेले लग्न मोडेल, ही भीती आपण दुसऱ्या प्रकरणात फार नेमकी पकडली आहे, विशेषतः मध्यस्थ बाईंच्या त्या अर्धवट सोडलेल्या वाक्यात. मुलीच्या जागी धाकटी बहीण आणली की ही भीती केवळ गैरसोय उरते. बहिणीचे लग्न होईपर्यंत थांबता येते. मुलीच्या बाबतीत मात्र तिच्या सुखाची किंमत देऊन आपले सुख घ्यावे का, हा प्रश्न लग्न पार पडल्यावरही संपत नाही. कादंबरीचा आसच तेथे आहे आणि तोच काढून ठेवल्यावर चाक फिरेनासे झाले.

याच ओघात दिराच्या धमकीविषयी एक सूचना करते. ‘दुसरे लग्न केलेस तर जमिनीवरचा हक्क जाईल’ असे तो म्हणतो आणि नायिका घाबरते, ते ठीक आहे. पण लेखिका म्हणून आपणही ते खरे मानले आहे असे तिसऱ्या प्रकरणावरून वाटते. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात पुनर्विवाहानंतर पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपण्याची तरतूद होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पतीच्या पश्चात विधवेला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि नंतर पुनर्विवाह केला म्हणून तो जात नाही. म्हणजे धमकी पोकळ आहे. तरीही ती चालते, कारण सातबाऱ्यावर नायिकेची वारसनोंदच दिराने नऊ वर्षांत होऊ दिलेली नसेल, आणि तिनेही घरात वाद नको म्हणून तलाठ्याकडे खेप घातलेली नसेल. जी बाई पेढीवर दुसऱ्याच्या पैशासाठी अडत्याशी भांडते ती स्वतःच्या नावासाठी गप्प का राहिली, हे तिला एके दिवशी स्वतःलाच विचारावे लागेल. त्या प्रसंगी नायक तेथे असायचीही गरज नाही. असा प्रसंग सत्तावीस वर्षांच्या नायिकेच्या वाट्याला सहजी येत नाही.

तरुण नायिका लिहिणे कमी दर्जाचे आहे, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. विशीतल्या मुलामुलींच्या चांगल्या प्रेमकथा मराठीला हव्याच आहेत. आपल्याला तशी गोष्ट सुचत असेल तर ती स्वतंत्र लिहा. तिच्यासाठी वेगळे अडथळे, वेगळी भाषा आणि फोनवर टाइप करून पुसून टाकलेली वाक्ये लागतील. आपण मधला मार्ग म्हणून सदतीस वर्षांचा विचार केल्याचे लिहिले आहे. तो प्रामाणिक पर्याय आहे, पण तेव्हा मुलगी बारा-तेरा वर्षांची होईल, प्रश्न तिच्या लग्नाचा न राहता ‘नवीन माणसाला ती बाबा म्हणेल का’ असा होईल आणि आपल्याला दुसरी कादंबरी लिहावी लागेल. ती लिहायची तयारी असेल तरच त्या वाटेने जावे. केवळ आकडा मध्यम केल्याने कोणताच वाचक समाधानी होणार नाही.

भाचीच्या उपकथानकाविषयी मात्र माझे उत्तर सरळ नकाराचे आहे. सतरा वर्षांची विद्यार्थिनी आणि एकोणतीस वर्षांचे तिचे शिक्षक यांची गोष्ट प्रेमकथा म्हणून, सुखान्त शेवट देऊन, कृपया लिहू नका. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि लैंगिक संबंधाला तिने दिलेली संमती कायदा मानत नाही. शैक्षणिक संस्थेतील माणसाने असे कृत्य केल्यास तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब मध्ये बालकांचे अश्लील किंवा लैंगिक चित्रण करणाऱ्या मजकुराचाही समावेश आहे. साहित्य आणि कला यांच्या हितासाठी त्यात अपवाद ठेवला आहे, परंतु आपल्याला ही गोष्ट सुचवणारे संपादक उद्या त्या अपवादाचा बचाव करायला आपल्याबरोबर उभे राहतील, यावर मी विसंबणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. तिचे प्रात्यक्षिकाचे गुण, वर्गातली तिची जागा, घरी जाणारा निरोप हे सगळे ज्याच्या हातात आहे, त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक तिला कितपत आहे? आणि ते वाचणाऱ्या दुसऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला आपण काय सांगत असू?

जुन्या नायिकांचा दाखला येथे लागू पडत नाही. 1891 मध्ये संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे मुलीचे किमान वय, दहावरून बारा वर्षांवर नेले तेव्हा केवढे काहूर उठले होते. 1929 च्या कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले, 1978 मध्ये ते अठरा आणि एकवीस झाले. त्या काळच्या लेखकांनी चौदा वर्षांची नायिका निवडली ती हौसेने नव्हे. त्या वयापलीकडची अविवाहित मुलगी त्यांच्या भोवतालच्या घरांत सापडणेच अवघड होते. शिवाय सगळ्यांनीच ते निमूट स्वीकारले असेही नाही. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, याची चीड त्या नाटकात आहे. (1929 च्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात तो त्याचे विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यामुळे, अनेकांना ते नाटकावरून पडलेले नाव वाटते.) ज्या जिल्ह्यातून सव्वाशे वर्षांपूर्वी हे लिहिले गेले, तेथल्या लेखिकेला आज उलट दिशेने जायला सुचवले जावे, याचे मला खरोखर नवल वाटले.

भाचीची गोष्ट पूर्णपणे टाकून द्यायची गरज नाही. सतरा वर्षांच्या मुलीला कोणी आवडूच नये, असा आग्रह धरणारे साहित्य खोटे ठरते. तिला तिच्याच वर्गातला मुलगा आवडू द्या, एसटीच्या पासवर लिहिलेला त्याचा नंबर तिच्याकडे असू द्या, आणि ती ओढ संकोच, मैत्री, अभ्यास व गैरसमज यांच्या पातळीवर राहू द्या. कुमारवयीन वाचकांसाठीच्या लेखनात लग्नाचा किंवा जन्मभराच्या सोबतीचा शेवट अपेक्षित नसतो. ती मुलगी स्वतःला थोडी अधिक ओळखू लागली तरी वाचक समाधानी असतो. सरांना ठेवायचेच असेल तर त्यांच्या वागण्यातला धोका मावशीच्या, म्हणजे आपल्या नायिकेच्या, लक्षात येऊ द्या. स्वतःच्या प्रेमाबद्दल अपराधी वाटणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या तथाकथित प्रेमातला फरक स्पष्ट दिसतो, असा प्रसंग आपल्या कादंबरीत आताच सुप्तपणे आहे.

प्रौढ पात्रांमधील वयाच्या अंतराबद्दल इतर काही वाचकांनीही यापूर्वी विचारले आहे, म्हणून थोडेसेच. चोवीस आणि छत्तीस, किंवा चाळीस वर्षांची ती आणि तेहतीस वर्षांचा तो, यात मुळात वावगे काही नाही. तिने किंवा त्याने नकार दिला तर नोकरी, घर, कर्ज किंवा आसरा जाणार आहे का, एवढे प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाला विचारून पाहावे. जाणार असेल, तर आधी तो अडसर कथेतच दूर करावा आणि मग होकार लिहावा. श्रीमंत मालक आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली कर्मचारी यांच्या ज्या कराराने केलेल्या लग्नांच्या कथा सध्या फोनवर भाग-भागांनी वाचल्या जातात, त्या या प्रश्नाजवळ बहुधा येतच नाहीत.

आता करायच्या कामांकडे वळू. नायिकेचे वय पहिल्या दोन पानांत, क्षमायाचना न करता, एखाद्या व्यवहाराच्या संदर्भात येऊ द्या. मुलीच्या स्थळाची पत्रिका घेऊन आलेल्या बाईने तिला तिचे लग्नाचे साल विचारले तरी पुरे. पहिली दोन प्रकरणे वयाचे सर्व उल्लेख काढून चार-पाच जणींना वाचायला द्या आणि नायिका किती वर्षांची असेल ते विचारा. उत्तरे पंचवीस ते पन्नास अशी विखुरली, तर काम आकड्यावर नव्हे, प्रसंगांवर करायचे आहे हे कळेल. या चार-पाच जणींत आपल्या मैत्रिणी शक्यतो नकोत. दुपारी वाचनालयात पुस्तक बदलायला येणाऱ्या स्त्रियांपैकी कोणी तयार होते का, ते ग्रंथपालांकडे चौकशी करून पाहा. सांगली-साताऱ्यासारख्या शहरांतील वाचनालयांच्या कादंबरी विभागात ज्या वयाच्या बायका उभ्या दिसतात, त्या पाहिल्यावर ‘या वयातले प्रेम कोण वाचणार’ हा प्रश्न आपल्याला तितकासा छळणार नाही.

नायकाच्या कामाचाही उपयोग करा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर त्याला दिवसरात्र बागा फिराव्या लागणार, आणि बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की तिला पेढीवरून उठता येणार नाही. म्हणजे त्यांना भेटायला वर्षातले मोजके आठवडे आहेत. प्रौढ प्रेमकथेत वेळ हाच मोठा अडथळा असतो, आणि आपण तो अद्याप वापरलेला नाही.

मुखपृष्ठाबाबत आधीच बोलून ठेवा. चित्रकाराला कादंबरी वाचायला वेळ नसतो. त्याला ‘प्रेमकथा’ एवढेच सांगितले तर लांब वेणीची विशीतली मुलगी येईल, आणि आत भेटणाऱ्या बाईबद्दल वाचकाची फसवणूक झाल्याची भावना होईल. मलपृष्ठावरील मजकुरातही वय आणि मुलीचे स्थळ या दोन्ही गोष्टी असू द्या. अ‍ॅपवर पुन्हा भाग देणार असाल तर पहिल्या भागाचा शेवट गच्चीवर न करता मध्यस्थ बाईंच्या त्या अर्धवट वाक्यावर करा. पुढचा भाग वाचायला येणारा वाचक मग नेमक्या कारणासाठी येईल.

प्रकाशकांना उत्तर पाठवताना वाद घालू नका. दुरुस्त केलेली पहिली तीन प्रकरणे जोडा, वय का बदलता येत नाही ते मुलीच्या लग्नाच्या संदर्भात चार ओळींत लिहा आणि महिनाभर वाट पाहा. नकार आला तर हस्तलिखित दुसरीकडे पाठवण्यापूर्वी त्यातून साठ-सत्तर पानांची लघुकादंबरी निघते का ते पाहावे, कारण दिवाळी अंकांचे संपादक उन्हाळ्यापासूनच मजकूर जमवू लागतात आणि त्यांच्या अंकांचा वाचकवर्ग बराचसा आपल्या नायिकेच्याच वयाचा असतो.